खालच्या आळीच्या चार होड्या

वादळ ओसरून दुपार झाली तरी खालच्या आळीच्या चार होड्या परतल्या नव्हत्या. मच्छीमार संघाच्या कचेरीत राहीने कॉम्प्युटरवर त्यांची नावं काढली आणि बंदरावर शोधाला निघणाऱ्या लाँचच्या तांडेलाला फोनवरून वाचून दाखवली. शेवटचं नाव होतं ‘नर्मदा’. तिच्या बापाची, भिवाची होडी. दोन वर्षांपूर्वी माणसांसकट बुडालेली.

"लिहिलं. वीस मिनिटांत सुटतो," तांडेल म्हणाला. तो नवा होता.

पडद्यावर ती हिरवी अक्षरं हलत नव्हती. मुलाची वाट बघत दाराशी बसलेली धोंडूबाई म्हणाली, "माझ्या जानूची पद्मिनी नाय बोललीस गो."

"चारही बोलले, काकी."

"चार बोललीस. त्यात एक तुझ्या बापसाची. तो काय आता गावायचा नाय."

यादीत ‘पद्मिनी’ नववी, ‘नर्मदा’ तेरावी. ते नाव पुसायला राहीचा हात कधी धजला नव्हता. कुठल्या नावापासून किती नावं काढायची, हे आकडे तिच्या आधी कचेरीत असलेल्या सदूने प्रोग्रॅममध्येच लिहून ठेवले होते. कुठल्याही आळीची यादी निघावी म्हणून राहीने परवा त्या जागी दोन व्हेरिएबल, म्हणजे हवे तसे बदलता येणारे आकडे, घातले होते.

तिने ते पडद्यावर उमटवून पाहिले. नऊ आणि चार. संघाच्या नोंदवहीतलेच. मग नुसतं नऊ नंबरचं नाव मागितलं. दहावी होडी आली. शून्य नंबर मागितला, तर यादीतली पहिली. यंत्र शून्यापासून मोजत होतं, वही एकापासून. म्हणून सदूने नऊच्या जागी आठ लिहिला होता.

एक वजा करायचा, एवढंच. राहीची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. बापाची होडी बुडाली त्या वर्षी समुद्र खवळलेला म्हणून लाँच निघालीच नव्हती. ‘नर्मदा’ला शोधायला कुणीतरी आज पहिल्यांदा निघालं होतं.

"काय झाला गो?"

"काही नाही, काकी."

तिने एक वजा केला. ‘पद्मिनी’ सगळ्यात वर आली. शेवटचं नाव गेलं. तिने फोन फिरवला.

"‘पद्मिनी’ राहिली होती. ती लिहा."

"लिहिली. म्हणजे पाच झाल्या?"

"चारच."

"मग ही ‘नर्मदा’?"

धोंडूबाईने मान खाली घातली होती.

"ती शोधायची नाही," राही म्हणाली.