एक्केचाळीस नंबरची बकरी

लटारूने पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर रक्तजलाचा, म्हणजे गोठलेल्या रक्तावर सुटलेल्या पाण्याचा, एक थेंब सोडला, शेजारी गुलाबी औषधाचा एक थेंब सोडला आणि काडीने दोन्ही एकत्र घोळले. मग फरशी हातात धरून तो ती हळूहळू डोलवू लागला. चार मिनिटं डोलवायची. थेंब एकसारखा गुलाबी राहिला तर जनावर चांगलं, त्यात दाणे धरले तर बिघडलेलं. चंद्रपूरच्या या जनावरांच्या दवाखान्यात सहा वर्षं तो हेच करत होता आणि चार मिनिटं व्हायच्या आत त्याने कधी थेंबात डोकावून पाहिलं नव्हतं. आज पुन्हा पुन्हा डोकावत होता.

कारण एक्केचाळीस नंबरच्या बाटलीत बकरीचं रक्त नव्हतंच. ते त्याचं स्वतःचं होतं. काल सकाळी दवाखान्यात कोणी यायच्या आत त्याने डाव्या दंडाला रबर बांधून ते काढलं होतं आणि बाटली चुपचाप बकऱ्यांच्या रांगेत उभी केली होती.

अडीच महिने तापाने त्याचा पिच्छा पुरवला होता. दुपार कलली की कणकण, मग थंडी, मग गोधडी पिळून काढावी इतका घाम, आणि सकाळी माणूस पुन्हा कामावर. हिवतापाच्या गोळ्या तीनदा खाऊन झाल्या. थुंकी तपासली, साफ निघाली. पण लोकांची तोंडं कोण तपासणार? माणूस वाळत चालला एवढं त्याच्या वस्तीला, बाबूपेठेला, पुरेसं होतं. गल्लीने टीबी ठरवून टाकला, आणि दोनचार शहाणे तर त्याहून वाईट नाव कुजबुजू लागले.

ते कुजबुजणं बसमध्ये बसून चामोर्शीला पोचलं. तिथल्या डोमाजीच्या पोराशी लटारूच्या पोरीची, हर्षाची, सोयरीक ठरलेली होती, साखरपुडा तेवढा बाकी होता. डोमाजीचा निरोप आला, 'पुढच्या रविवारी येतो, साक्षगंधाचं तेव्हाच बोलू.' निरोपात एक शिवी नव्हती, म्हणूनच लटारूची बायको धुरपता जास्त घाबरली. चिडलेल्या माणसाला समजावता येतं. असा गोड बोलणारा व्याही सोयरीक मोडायलाच येतो.

दवाखान्यातले डॉक्टर जाहिद दोन जिल्ह्यांतल्या बकऱ्यांच्या रक्ताची पाहणी करत होते. त्यांनी फरशी खिडकीच्या उजेडात धरली.

"एक्केचाळीस. बघ, दाणे कसे उठलेत! ब्रुसेला. ही बकरी आजच्या आज कळपातून काढायला सांग. मालक कोण?"

"धुरपता."

"गाव?"

"इथीच. बाबूपेठ."

"वय?"

"एकावन."

डॉक्टरांचा पेन थांबला.

"लटारू, एकावन्न वर्षांची बकरी?"

"बकरी नाई साहेब," लटारू मान खाली घालून म्हणाला. "बोकड आहे."

डॉक्टरांना समजायला थोडा वेळ लागला. मग ते इतके भडकले की बाहेर गाय घेऊन उभा असलेला माणूस दारातून डोकावला. हातमोजे घाल म्हटलं तर लाज वाटते, विचारायला लाज वाटते, आणि बकऱ्यांत घुसायला नाही वाटत! लटारूने सगळं ऐकून घेतलं.

"टीबी नाई ना साहेब?"

"नाही."

"थो... दुसरा?"

"तोही नसावा. हा जनावराकडून आलेला ताप आहे. नागपूरला रक्त पाठवून पक्कं करू, मग माणसांच्या डॉक्टरकडे जा. दीड महिना गोळ्या खाव्या लागतील, एकही चुकवायची नाही."

"घरच्यायले लागन?"

"तू कोणाला चावला नाहीस तर नाही."

लटारू स्टुलावर बसला आणि हसता हसता रडू लागला. अडीच महिने तो मनातल्या मनात मरत होता, आणि निघालं काय तर बकरीचं दुखणं! डॉक्टरांनी त्याच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. कोणत्या बकरीची वार उघड्या हातांनी काढली होतीस, असं त्यांनी विचारलं तेव्हा मात्र तो म्हणाला, "आठवून सांगतो."

आठवायचं काही नव्हतंच. दिवाळीनंतर पोरगा पाहायला नवराबायको चामोर्शीला गेले होते, तेव्हा डोमाजीच्या गोठ्यात बकरी विताना अडली होती. लटारूने बाह्या वर केल्या, मेलेलं पिल्लू ओढलं, वार काढली. इवाई असावा तं असा, असं म्हणून डोमाजीने त्याच ओसरीवर सोयरीक पक्की केली होती. आता हे सांगावं तर तो म्हणेल, स्वतःचा रोग माझ्या दारात लोटतो. न सांगावं तर हर्षा त्याच घरात जाणार, त्याच बकऱ्यांचं दूध काढणार.

"तोंडावर सांगा त्याले," घरी धुरपता म्हणाली. "सोयरीक गेली तं गेली."

रविवारी डोमाजी आला. 'जय भीम' केला आणि बाजेच्या कडेवर टेकला, उठायच्या तयारीने. लटारूने नागपूरहून आलेला कागद त्याच्या हाती दिला.

"टीबी नाई भाऊ. बकरीपासून येते हा ताप."

"कोन्या बकरीपासून?"

लटारूने उत्तर देण्याऐवजी बाह्या वर केल्या, त्या दिवशी गोठ्यात केल्या होत्या तशा. धुरपता दारात येऊन उभी राहिली. डोमाजीने एकदा दोघांकडे पाहिलं आणि कागदाची घडी घातली.

"ताप दुपारूनच येते?" त्याचा आवाज उतरला होता.

"हो."

"आन कंबर?"

"बसलं का उठवत नाई."

डोमाजीचा हात आपसूक पाठीमागे कमरेकडे गेला.

"तुमी गेल्यावर आनखी दोन गाभडल्या," तो म्हणाला. "पोट्ट्याची माय महिन्यापासून अंथरुणावर आहे. आमी हिवताप समजून राह्यलो. घरात सारेच कच्चं दूध पेतेत."

"गोळ्या आहेत भाऊ," लटारू घाईने म्हणाला. "बरं होते. मी होऊन राह्यलो ना."

डोमाजीने मान हलवली. धुरपताला राहवलं नाही.

"आन साक्षगंधाचं?"

"आधी माह्या घरच्यायचं रक्त पाहा, बाई," डोमाजी म्हणाला. "मंग पोरगी द्याची का नाई, थे तुमी सांगा."