दोन रेषांमधली जमीन

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. परभणीच्या एका शाळेत, प्रयोगशाळेमागच्या अडगळीच्या खोलीत, मोडके बाक आणि फुटका पृथ्वीगोल यांच्या सोबतीनं मी दिवस काढतो. माझ्या कळांच्या फटींत मुंग्यांनी माती भरली आहे. माझा पडदा टेकवून कुणीतरी शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या हिशेबाच्या खोक्याला आधार दिला आहे. पण मीही एकेकाळी नवा होतो.

शाळांना संगणक देण्याची सरकारी योजना निघाली, तेव्हा थर्माकोलमध्ये गुंडाळून मी इथं आलो. मुख्याध्यापक भगवानरावांनी मला हार घातला, नारळ फोडला. मुलं चपला बाहेर काढून, हात धुऊन मला पाहायला येत. शिक्षणाधिकारी आले की माझ्यावरचं रेक्झिनचं कापड निघे आणि ते गेले की पुन्हा चढे. माझं करायचं काय, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. ते ठाऊक होतं गणिताच्या पार्वतीबाईंना. त्या पुण्याला जाऊन मला चालवायचं शिक्षण घेऊन आल्या होत्या.

बाईंचे वडील माणिकराव कोळशाच्या इंजिनावर ड्रायव्हर होते. परभणी, पिंगळी, मिरखेल, पूर्णा या अरुंद रुळांवर त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर त्यांना अर्धांगवायू झाला. डावा हात, डावा पाय गेला. घराच्या खिडकीतून त्यांना गाडीची शिटी ऐकू येई आणि ते तोंड फिरवून घेत. बाई त्यांना नाना म्हणत. बाईंनी ठरवलं, नानांना रुळाकडे नेता येत नाही, तर रूळ नानांकडे आणायचा.

त्यांनी या भागाचे सरकारी नकाशे मिळवले. नकाशावर समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या तपकिरी रेषा असतात. रूळ कुठं कुठली रेषा ओलांडतो ते बाई पट्टीनं मोजत आणि आकडे माझ्यात घालत. स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, तीही त्या पडताळून पाहत. मग माझ्या काळ्या पडद्यावर हिरव्या रेषांचा रूळ उमटला. चढ आला की गाडी मंदावे, उतार आला की पळे. वीज गेली की मी सगळं विसरून जाई. पण बाईंनी तो मार्ग एका कॅसेटवर साठवून ठेवला होता. ती टेपरेकॉर्डरला लावली की मला पुन्हा सगळं आठवे.

एका रविवारी माणिकराव सायकलरिक्षातून शाळेत आले. उजव्या हाताचं बोट त्यांनी माझ्या कळेवर ठेवलं आणि गाडी सोडली. पिंगळीचं स्टेशन आलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"पारू," ते म्हणाले, "लय दिवसानं घरी आल्यावानी वाटायलंय."

मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या जन्माचं सार्थक वाटलं. हे सुख फार टिकायचं नव्हतं.

नकाशावरच्या दोन रेषांच्या मध्ये जमीन कशी आहे, हे नकाशा सांगत नाही. तिथं खड्डा असेल, टेकाड असेल; नकाशा गप्प असतो. बाईंनी दोन रेषांमधली जमीन सरळ धरली होती आणि मीही ती सरळच दाखवत होतो. पण बाई गणिताच्या. अंदाजावर त्यांचं समाधान होईना. रुळाच्या दोन्ही बाजूंची जमीन खरी मोजून घालायची, असं त्यांनी मनावर घेतलं.

शाळेत कडूबाई नावाच्या शिपाई होत्या. पाणी भरायच्या, घंटा द्यायच्या, मला पुसायच्या. गावाबाहेर रुळाच्या भरावाला लागून एक वस्ती होती, तिथं त्या नातीला घेऊन राहत. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत दलितांच्या घरांसोबत त्यांचंही गावाकडचं घर जाळलं गेलं होतं. तेव्हा त्या अंगावरच्या लुगड्यानिशी निघाल्या आणि या वस्तीत येऊन टेकल्या. जागा रिकामी होती, कुणी हटकलं नाही. रिकामी का होती, हे विचारायला तेव्हा त्यांना उसंत नव्हती.

वस्तीच्या एका अंगाला रूळ, दुसऱ्या अंगाला नाला. आणि त्या वर्षी तिसऱ्या अंगानं नव्या सडकेचा भराव पडला होता. बाई गवंड्याची पाण्याची नळी घेऊन तिथं गेल्या. लांब पारदर्शक नळी. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला उभं राहतं. एक टोक बाईंनी सडकेच्या पृष्ठभागाशी टेकवून धरलं. दुसरं टोक घेऊन कडूबाई आपल्या दारात उभ्या राहिल्या. पुढचं सगळं मला त्या दोघींच्या बोलण्यातून कळलं. कडूबाईंनी नळी छातीशी धरली तर पाणी भसाभसा सांडलं. तोंडाशी धरली तरी सांडलं. हात वर करत करत त्यांनी नळी डोक्याच्या वर नेली, तेव्हा कुठं ते थांबलं.

"अवो बाई," त्या हसत ओरडल्या, "पाणी तर माझ्या डोक्यावर गेलं की!"

सडकेवर बसलेल्या पार्वतीबाई हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवे आकडे माझ्यात घालायला सुरुवात केली. एकेक आकडा आधीच्यापेक्षा लहान येत होता. मला भीती म्हणजे काय ते कळत नाही; पण बाई प्रत्येक आकडा वहीत पुन्हा पडताळू लागल्या होत्या. सरळ रेषा वाकली, खाली गेली आणि पडद्यावर एक खोल वाडगा तयार झाला. तळाशी बाईंनी बारीक चौकोन काढले. ती घरं. मग सडकेच्या उंचीवर एक आडवी रेषा ओढली. ते पाणी. नाला तुंबला तर सडकेवरून वाहून जाण्याआधी पाणी इतकं चढणार. सगळे चौकोन रेषेच्या खाली होते.

रविवारी माणिकराव पडद्यावरची गाडी चालवत तिथवर आले आणि त्यांनी बोट उचललं.

"खरं हाय का हे?"

"मोजलंय, नाना."

"जनमभर इथून गेलो मी," ते हळूच म्हणाले. "नजर कायम पुढं, रुळावर. बाजूची जमीन कवा बघितलीच न्हाई."

बाईंनी भगवानरावांना दाखवलं. ते म्हणाले, "बाई, खेळ छान जमलाय, पण खेळावरून लोकांना घाबरवू नका. चार जण उद्या मलाच जाब विचारतील." बाई सडकेच्या कामावरही जाऊन आल्या. तिथल्या माणसानं पाणी जायला सडकेखाली मोरी ठेवली आहे एवढंच सांगितलं आणि पाठ फिरवली. ती मोरी बाईंनी पाहिली होती. तिच्यातून एक वासरू जेमतेम गेलं असतं.

शेवटी त्यांनी कडूबाईंना माझ्यासमोर बसवलं आणि म्हणाल्या, "कडूबाई, पाऊसकाळ आहे. तिथून निघा."

कडूबाई पडद्याकडे बघत राहिल्या. फडकं त्यांच्या हातात तसंच होतं.

"कुठं निघू? एकदा निघाले, तवा मागं वळून बघितलं तर धूर व्हता. आता पाणी येऊ दे न्हाईतर आग येऊ दे. मी न्हाई निघायची."

त्या उठून घंटा द्यायला गेल्या. पुढचे काही दिवस त्यांनी मला पुसलं नाही.

आभाळ रोज भरून येत होतं. गोदावरीच्या अंगाला, सोनपेठकडे, फार पाऊस झाल्याच्या बातम्या एसटीनं येणारे शिक्षक सांगत.  तेव्हा माणिकराव लेकीला जे बोलले, ते माझ्यासमोरच बोलले.

"तुझं चुकलंच, पारू. निघ म्हणून तिला सगळ्यांनीच सांगितलं. ये असं कुणी म्हणलं का? आपल्या घरी ये म्हण तिला."

"आणि गल्लीतले?"

"गल्लीतल्यांचं मी बघतो. बोलता येतं अजून मला."

बाई त्याच संध्याकाळी वस्तीत गेल्या. आमच्या घरी चला, म्हणाल्या. कडूबाईंनी नातीचं दप्तर उचललं. बाईंच्या गल्लीत दारं लागली, कुजबुज झाली, पाणी भरताना नळावर कुणीतरी घागर बाजूला सरकवली. माणिकराव दारात खुर्ची टाकून बसून राहिले.

कडूबाई गेल्या हे पाहून वस्तीतल्या आणखी घरांना धीर आला. बाईंनी भगवानरावांकडून शाळेचा हॉल मागून घेतला. त्यांनी कुरकुरत किल्ली दिली. मेंढरं राखणारे म्हातारे सटवाजी तेवढे हलले नाहीत. कडूबाई त्यांना दोनदा बोलवायला गेल्या. "शाळंत मेंढरं घेतेत का?" त्यांनी विचारलं. 

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी भर दुपारी अंधारून आलं. पाऊस असा कोसळला की मला शाळेच्या पत्र्याखेरीज काही ऐकू येईना. नाल्याला आलेल्या झाडाझुडपांनी मोरी बुजली आणि वाडगा भरला. बाईंनी रेषा ओढली होती, पाणी तिथंच येऊन थांबलं. वर नाही, खाली नाही. हॉलमध्ये बसलेल्या बाया मुलांना पोटाशी धरून होत्या. पाणी ओसरल्यावर मेंढरं काटेरी झुडपांना अडकलेली मिळाली. सटवाजी सापडले नाहीत.

लोक मला नमस्कार करायला आले. भगवानरावांनी पुन्हा हार घातला. वर्तमानपत्रासाठी माझा फोटो काढायचं ठरलं. बाईंनी फोटोला नकार दिला. कडूबाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या, पडद्यावरच्या एका चौकोनावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे सटवादादाचं." आणि तोंडाला पदर लावून निघून गेल्या.

त्यानंतर माणिकराव फार दिवस राहिले नाहीत. पार्वतीबाईंची पालमला बदली झाली. बाईंची कॅसेट कपाटात होती; एका वर्षी कोरी कॅसेट मिळेना म्हणून तिच्यावर संमेलनातली गाणी भरली गेली. मला मार्ग आठवून देणारं मग काही उरलं नाही. आता अरुंद रूळ उखडून रुंद रूळ टाकायचं चाललं आहे. म्हणजे रुळाचा भराव अजून उंच होणार, आणि वाडगा अजून खोल.

यंदाच्या जानेवारीत विद्यापीठाचं नामांतर झालं. कडूबाईंनी शाळेत साखर वाटली. काहींनी घेतली, काहींनी हात मागं घेतले. त्यानंतर काही गावांत पुन्हा जाळपोळ झाली आणि तिथून माणसं निघून आली म्हणे. परवा या खोलीत बाक ठेवायला आलेले दोघे बोलत होते, रुळाजवळ रिकामी जागा आहे, तिथं नव्या झोपड्या पडल्या आहेत. त्या लोकांना तिथलं काहीच ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे ते पांगले, कडूबाईही मार्चात निवृत्त होऊन इथून गेल्या, आणि मी मुका आहे.

मित्रांनो, मला पुसा, असा माझा हट्ट नाही. यंत्राला सांगितलेलं तेवढंच त्याला कळतं. जमीन मोजायला माणसालाच चिखलात उतरावं लागतं, आणि मोजलेलं जपावंही माणसालाच लागतं. रोहिण्या सुरू झाल्या आहेत. मृग लागायच्या आत तुमच्यापैकी कुणीतरी त्या झोपड्यांकडे जा आणि त्यांना सांगा.