कीबोर्डवाला

ॲन्टोनेटने पापलेटचा कल्ला उचकून पाहिला आणि नाक मुरडले. दारात बसलेल्या सखुबाईने तिकडे लक्षच दिले नाही. गिरगावातल्या या वाडीत ती ॲन्टोनेटची लेक एलिना हिच्या जन्माआधीपासून मासळी घेऊन येत होती आणि ॲन्टोनेटचे नाक तेव्हापासूनच मुरडलेले होते.

"ताजं हाय गो बाय. वास काय घेतेस?"

एलिना आतल्या दाराशी उभी होती. कॉलेजला उशीर होत होता, तरी पाय निघत नव्हता. काल संध्याकाळी वरळी कोळीवाड्यातल्या एका हळदीत ती बेंजो पार्टीबरोबर कीबोर्ड वाजवत होती, आणि समोर नाचणाऱ्या बायकांत सखुबाई होती. दोघींची नजरानजर झाली होती. सखुबाईने नाच मात्र थांबवला नव्हता.

घरच्या समजुतीप्रमाणे एलिना चर्चच्या क्वायरच्या प्रॅक्टिसला जात होती. पूर्वी खरंच जायची. मग डिलाईल रोडला क्लासला जाताना एका चाळीच्या पटांगणातून बेंजो ऐकू आला आणि क्लास नि क्वायर दोन्ही तिथेच राहिले. तिथे वाजवणारे वाजवता वाजवता हसत होते. चर्चमध्ये ऑर्गन वाजवताना हसायची कुणाची टाप नव्हती. ती रोज जाऊन उभी राहू लागली. पार्टीचा कीबोर्ड वाजवणारा जहाजावर नोकरीला गेला तेव्हा पार्टी चालवणाऱ्या रूपेशने तिला विचारले, "तुला जमेल काय गं?" जमले. कालची तिची वाजवण्याची पहिलीच सुपारी होती, पुढची माहीमला होती.

ॲन्टोनेटच्या हिशेबी हळदीत वाजवणारे आणि हळदीत पिणारे लोक एकच. तिला हे कळले तर माहीम संपले आणि डिलाईल रोडही संपला. एलिनाला ही धास्ती होतीच, पण दुसरेही काही हवे होते आणि ते विचारायची सोय नव्हती. काल कसे वाजले?

"आमच्या शेजारी काल हळद व्हती," कोयत्याने पापलेटचे पर उडवत सखुबाई म्हणाली. "बेंजो आणलेला."

"म्हणजे झोपेचं खोबरं," ॲन्टोनेट म्हणाली.

"झोपेचं काय नाय गो. पण त्यांचा कीबोर्डवाला! आम्ही नाचत फुडं, त्याचं गाणं मागं."

कीबोर्डवाला. एलिनाचा जीव भांड्यात पडला. सखुबाईने सांभाळून घेतले होते. आता बॅग उचलायची आणि निघायचे, एवढेच काम होते. तिने बॅग उचललीही.

"मेला झोपेतच वाजवत व्हता," सखुबाई पुढे म्हणाली.

"झोपेत नाही," एलिना म्हणाली. "कच्छी ढोल लय सोडून पळत होता. कीबोर्ड बरोबर होता."

सखुबाईचा कोयता थांबला. ॲन्टोनेटने साफ झालेले पापलेट ताटलीत ठेवले आणि लेकीकडे वळून पाहिले.

"क्वायरला कच्छी ढोल कधीपासून आला?"

अजून सारवासारव करता आली असती. मैत्रिणीने सांगितले, मोबाइलवर पाहिले, काहीही चालले असते. एलिनाचे कान तापले होते. तिला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त राग आला होता.

"पळतच होता, मम्मा. मी गाणं धरून ठेवलं म्हणून तरी नीट संपलं."

सखुबाईने उरलेली मासळी पाटीत ओल्या फडक्याखाली झाकली आणि डोक्यावर चुंबळ ठेवली.

"हात लाव गो पोरी."

एलिनाने पायरीवर येऊन पाटीला हात दिला. पाटी डोक्यावर चढली तशी दोघींची तोंडे जवळ आली.

"ढोल पळत व्हता खरा," सखुबाई हळूच म्हणाली आणि वाडीतून चालू लागली.

एलिना मागे वळली. दारात मम्मा तशीच उभी होती, हात मासळीचे, ओठ घट्ट मिटलेले. आता बोलणी खायची होती. निदान तोंड पाडून तरी उभे राहायला हवे होते, पण एलिनाला हसू काही आवरेना.