तिसरा खेटा

श्रद्धा, विज्ञान आणि माणसाचं भलं यांचं एकमेकांशी काय नातं असतं, हे शोधायला कोल्हापुरातल्या एका संस्थेला तीन वर्षं मिळाली होती आणि चाळीस प्रश्न. ते विचारायचे कसे याचंही रीतसर शिक्षण झालं होतं, आणि मुलाखती घेणारी अवंतिका त्यात पहिली आली होती. समोरचा काहीही बोलो, आपण मिठाची गुळणी धरायची. सल्ला द्यायचा नाही. अधूनमधून मान तेवढी हलवायची, म्हणजे माणूस मोकळा होतो.

वर्षापूर्वी जोतिबाच्या पायऱ्यांवर तिला धोंडुबाई भेटली होती. पेठ वडगावची, कपाळभर गुलाल. मुलगा सयाजी, त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी. तरी 'आयुष्यात किती समाधान आहे?' याला म्हातारीनं दहापैकी दहा दिले होते. अवंतिकाला तेव्हा हसू आलं होतं.

आज तेच प्रश्न पुन्हा विचारायला ती वडगावात आली, आणि घराच्या पुढच्या सोप्यातच थबकली. भिंतीवर सयाजीचा फोटो होता, त्याला हार.

"बसा बाई," धोंडुबाई म्हणाली. मग आत बघून ओरडली, "क्रांते! डोंगरावरच्या बाई आल्यात. इचार आता त्यास्नीच!"

सून बाहेर आली. पंचविशीची असेल. ती दाराला टेकून उभी राहिली, सासूकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

"काय विचारायचंय?" अवंतिकानं विचारलं.

"सांगते की. माघातल्या पाच खेट्यांचा नवस बोलले व्हते मी. पाच आइतवार देवाचा डोंगर चढायचा, मी चालत, पोरगं गाडीनं. पर त्येचं डायलिसिस बुधवारी आन आइतवारी. म्हून तुमास्नी इचारलं, बाई, तुमी शिकल्यालं मानूस, पाच आइतवार डायलिसिस न्हाय केलं तर चालंल न्हवं? तुमी मान हलवलीसा. तिसरा खेटा करून उतारलो, आन त्येच्या छातीत पानी झालं. गेलं पोरगं. तवा ही म्हनली, आत्त्या, तुमीच मारलासा त्येला. वरीस झालं, माज्यासंगं बोलंना. तुमी सांगा हिला."

अवंतिकाला तो क्षण लख्ख आठवला. मान हलवून ती पुढच्या प्रश्नाकडं वळली होती. उत्तर तिला ठाऊक होतं. ते कुणालाही ठाऊक असतं. 'नको मावशी' एवढे दोन शब्द बोलली असती तर कुठलं आभाळ कोसळणार होतं? पण नियम म्हणजे नियम, आणि ती तर पहिली आलेली.

'मावशी, ती आमची पद्धत असते, त्याचा अर्थ हो नसतो.' वाक्य ओठावर तयार होतं. खरं होतं. ते बोलून ती सुटली असती, आणि म्हातारी उरलेला जन्म पोराचं मरण एकटीच्या डोक्यावर घेऊन जगली असती.

"हो," अवंतिका म्हणाली. "चालेल असं मीच म्हणाले होते. चूक माझी आहे, यांची नाही."

क्रांतीनं तिच्याकडं रोखून पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण ती सासूकडं वळली.

"च्या ठेवू का, आत्त्या?"

धोंडुबाईनं पदरात तोंड खुपसलं आणि ती हमसून रडली. वर्षाचं रडू होतं ते. मग डोळे पुसून म्हणाली, "इचारा बाई तुमचं. लांबनं आलाईसा."

अवंतिकानं कागद काढले. एकेक करत चाळिसावा प्रश्न आला. "शिकलेल्या, जाणत्या माणसांच्या शब्दावर तुमचा किती विश्वास आहे? दहापैकी?"

"धा लिवा."

"मावशी..."

"चुकतंय मानूस. पर तुमी आज माज्या सुनंम्होरं खरं बोललासा. धाच लिवा."

अवंतिकानं दहा लिहिले. मान मात्र तिला वर करवेना.