दोन मिनिटांचं सँडविच

त्या लाल टोपीवाल्या पोरीला बोलायची रीतच नव्हती. घोडेगावच्या बाजारातला म्हशीचा दलालसुद्धा गिऱ्हाईक आलं की आधी रामराम घालतो, मग लुबाडतो. ही बया कशाचंही एकच उत्तर देत होती, "थांबा आजी, येतंय."

येतंय येतंय करत पंचवीस मिनिटं झाली होती.

नगरच्या त्या मोठ्या दवाखान्यात, तळमजल्यावर, औषधाच्या दुकानाला लागून हे खाण्याचं काउंटर. सँडविच, बर्गर, पफ, थंड पेयं. बनुबाई राहुरीकडची. नवऱ्याच्या, रंगनाथरावांच्या साखरेची तपासणी करायला आली होती. सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं होतं, आता खाऊन दोन तासांनी परत द्यायचं होतं. भाकरीचा डबा तिनं आणला होता, त्याच पिशवीत खडीसाखरेची पुडीही होती. पण दारावरच्या वॉचमननं अडवलं, बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हणून. मग मुलगा सुनील ती पिशवी गाडीत टाकून ट्रॅक्टरचं सामान आणायला एमआयडीसीत निघून गेला. जाताना म्हणाला, "आये, आत समदं मिळतं."

मिळतं! दिसतं समदं, मिळत काहीच नाही.

आणि तिला घोर लागला होता तो वेगळ्याच गोष्टीचा. रंगनाथरावांना जेवणाआधी इन्सुलिनचं इंजेक्शन लागे. अकरा वर्षं ते बनुबाईच टोचत होती. पहिली भाकरी तव्यावर पडली की ती हाक मारायची, सुई टोचायची, आणि ते हात धुऊन पाटावर बसेपर्यंत भाकरी ताटात. एका दिवसाचा फरक नाही. इथं काउंटरवर पैसे भरले, चिठ्ठी घेतली आणि विचारलं, "किती येळ लागंल?" पोरगी म्हणाली, "दोन मिनिटं."

रांधणाऱ्या बाईनं दोन मिनिटं सांगितली म्हणजे भाकरी तव्यावर पडली. बनुबाईनं तसंच धरलं. समोरच्या खुर्चीवर जाऊन नवऱ्याचा सदरा वर केला आणि बटव्यात जपून आणलेली सुई टोचून मोकळी झाली.

आता ते कालच्या रात्रीपासून उपाशी, वरून अंगात औषध भिनतंय, आणि सँडविचचा पत्ता नाही.

तिनं मागं वळून पाहिलं. रंगनाथरावांच्या सदऱ्याची कॉलर ओली झाली होती. पंख्याखाली बसून माणूस घामानं भिजत होता. काठीवरचा हात थरथरत होता.

"बरं हाय न्हवं?" तिनं तिथूनच विचारलं.

"हाय की," ते म्हणाले. पण जीभ जड झाली होती.

खरं तर तिथंच ओरडून सांगायला हवं होतं. पण दोनदा सोसायटीचे चेअरमन झालेल्या माणसासाठी चारचौघांत चिमूटभर साखर मागायची? तिच्या दारात आलेला पोस्टमनसुद्धा कधी बिनचहाचा गेला नव्हता. ती परत काउंटरकडं वळली.

रांगेत शेजारी कर्जतचे छगन म्हणून एक गृहस्थ होते, पोटाला हात लावून उभे. ते म्हणाले, "मावशी, ह्यांचा बर्गर येईस्तोवर माझं काढलेलं अपेंडिक्स परत उगवंल."

एरवी ती हसली असती. तेवढ्यात पांढऱ्या कोटातला एक डॉक्टर आला. "मनवा, माझं?"

"झालंच सर!" पोरगी टुणकन उठली. संत्र्याच्या रसाचा गार ग्लास भरला, खाली कागदी रुमाल ठेवला. डॉक्टर फोनवर बोलत जरा बाजूला सरकले.

बनुबाईनं अभिमान गिळला. "पोरी, माझ्या मालकाला इन्सुलिन दिलंय. खायला न्हाई भेटलं तर ते पडतील. सँडविच ऱ्हाऊ दे, नुसती साखर दे."

"साखर सुटी देत नाही, चहाबरोबरच. चहाचं मशीन बंद आहे."

"अगं, मानूस घामानं भिजलंय!"

"आजी, इथं सगळेच पेशंट आहेत."

मागं खट्ट आवाज झाला. रंगनाथरावांची काठी फरशीवर पडली होती आणि त्यांची मान एका खांद्यावर कलली होती.

सिस्टर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टपुढं ही गर्दी. बनुबाईनं एकदा लिफ्टकडं पाहिलं, एकदा त्या ग्लासाकडं. आणि उचलला.

"आजी! तो सरांचा आहे!"

"सरांना सांग, बनुबाईनं नेला!"

निम्मा रस लुगड्यावर सांडला. तिनं नवऱ्याची मान दंडावर घेतली. "अवं, डोळे उघडा. माझ्याकडं बगा. गिळा." त्यांचे डोळे कुठंतरी लांब लागले होते. पहिला घोट हनुवटीवरून ओघळला. तिला वाटलं, संपलं. माझ्याच हातानं संपलं. दुसऱ्या घोटाला गळ्याची घाटी हलली. मग तिसरा.

मनवा काउंटर सोडून तावातावानं आली होती. समोरचं पाहिलं आणि जागीच थिजली. मग उलटी पळाली. आली ती मूठभर साखरेच्या पुड्या घेऊन, दातानं फोडत. डॉक्टरही फोन ठेवून धावले, नाडी धरून बसले. "साखर जिभेखाली ठेवा. सिस्टरला बोलवा कुणीतरी." छगन पोट धरून जिन्याकडं निघाले.

दहा मिनिटांनी रंगनाथरावांनी डोळे नीट उघडले, आजूबाजूची गर्दी बघितली आणि बायकोला हळूच म्हणाले, "अगं, कुनी वारलं का काय?"

बनुबाईनं ग्लास खाली ठेवला. ती शेजारच्या खुर्चीवर बसली. पदरानं आधी त्यांचं तोंड पुसलं, मग स्वतःचं.

मनवा अजून तिथंच उभी होती, हातात रिकाम्या पुड्या. "सॉरी आजी. खरंच सॉरी. ब्रेडच संपला होता, माणूस आणायला गेला होता. मला वाटलं, येईलच."

बनुबाईनं तिला पायापासून टोपीपर्यंत न्याहाळलं.

"सुई म्या टोचली. ताट म्होरं नसताना टोचली, ती चूक माझी. ती मी जलमभर इसरनार न्हाई. आन साखर घेऊन पळालीस, ते बी मी बगितलं. पन पोरी, उशीर कुनाच्याबी चुलीवर हुतो. 'ब्रेड न्हाई, दुसरीकडं बगा' एवढं बोलली असतीस, तर मी हितं उभी ऱ्हायले नसते. तू दोन मिनिटं म्हनालीस, आन म्या त्यावर ह्यांचा जीव ठेवला. वाईट न्हाईस तू. पन दुसऱ्याला खायला घालायच्या लायकीची न्हाईस."