ठमाबाईंचे गोड बंद

डॉक्टर सुनीता यांनी सांगितलेले वाक्य तीन शब्दांचे होते : "आता गोड बंद." ठमाबाईंनी ते ऐकले, मान डोलावली आणि घरी आल्या आल्या त्याची अंमलबजावणी सुरू केली.

सगळ्यात आधी गेले गोडे तेल. स्वयंपाकघरातला डबा त्यांनी स्वतः उचलून सुनेच्या हातात दिला. मग गोड्या पाण्यातली मासळी गेली. समुद्राची मासळी खाऊन वाढलेल्या या कोळ्याच्या घरात रोहू किंवा कटला आजवर शिजलेला नव्हता. गोडा मसाला तर घरात कधी आलाच नव्हता, पण तोही बंद झाल्याचे जाहीर झाले. शेवटी हलवा. हा मासा चवीला गोड नसतो, पण ठमाबाईंच्या मते तो नावानेच बाद होता.

एवढा त्याग केल्यावर त्यांनी दुपारी ताटात भाताचा डोंगर घेतला, त्यावर बोंबलाचे कालवण ओतले, आणि ते संपल्यावर तेवढाच भात पुन्हा घेतला. रात्री तांदळाच्या दोन भाकऱ्या. सकाळी बिनसाखरेच्या चहात बुडवून बेकरीचे चार बटर.

"आई, भात कमी करायचाय," सून कीर्ती म्हणाली. ती नवीन पनवेलच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होती. परीक्षानळ्या धुणे, रसायने मोजून देणे आणि मुलांनी फोडलेल्या काचा गोळा करणे हे तिचे काम.

"भात गोड हाय का?"

"नाही, पण..."

"मंग? डॉक्टरीण काय बोलली? गोड बंद. भात बंद बोलली का?"

"तिनं कागदावर लिहून दिलंय. त्यात भात आहे."

"मना दिसत नाय गो," ठमाबाई म्हणाल्या. "आनि तुज्या वाचन्यावर माजा भरोसा नाय."

दिसत नाही हे मात्र खरे होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, उजव्यात जास्त पिकलेला. पनवेलच्या मच्छी मार्केटात दारापासून दुसऱ्या जागेवर ठमाबाई चौतीस वर्षे बसत होत्या. आता त्या मासळी बोटांनी आणि नाकाने ओळखत. एके दिवशी त्यांनी हलव्याच्या भावात अख्खे पापलेट दिले. ज्याला दिले तो गृहस्थ काही न बोलता झपाझप निघून गेला. त्यानंतरच्या आठवड्यात सुरमई कापताना कोयता अंगठ्याला लागला आणि ती जखम तीन आठवडे भरली नाही.

शस्त्रक्रियेची तारीख दोनदा मिळाली आणि दोनदा रद्द झाली. पहिल्या वेळी साखर २८४ होती, दुसऱ्या वेळी २७१. दोनशेच्या आत आल्याशिवाय डोळ्याला हात लावणार नाही, असे डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले.

मुलगा भावेश उरणला बंदरात क्रेन चालवायचा. तो फार बोलणारा नव्हता. दुसऱ्यांदा परत आल्यावर तो एवढेच म्हणाला, "आये, तिसऱ्यांदा परत पाठवलं तर टोपली बंद. बोटं तुटायची वाट नाय बघनार मी."

टोपली बंद म्हणजे जागा गेली. आणि जागा कोणाकडे जाणार हे मार्केटात सगळ्यांना माहीत होते. दारापासून तिसरी जागा आशालताची होती. तिचा पाट गेल्या दोन महिन्यांत वीतभर ठमाबाईंच्या बाजूला सरकला होता. ठमाबाईंना तो दिसत नसला तरी गुडघ्याला लागत होता.

तिसरी तारीख एक महिना पुढची होती.

त्या रविवारी आशालता "सहज" घरी आली. कोळीवाड्यात सहज कोणी येत नाही, त्यामुळे ती कशासाठी आली हे सगळ्यांना कळले होते. कीर्तीने तेवढ्यात भाताचे पातेले खाली उतरवले.

"आई, पैज लावता?" ती म्हणाली. "भात गोड निघाला तर तो गोडाच्या नियमात. नाही निघाला तर मी भाताचं नाव काढणार नाही. शिवाय पुढच्या रविवारची चिंबोरी मी साफ करीन."

कीर्तीला चिंबोरीच्या, म्हणजे खेकड्याच्या, नांग्यांची भीती वाटते, हे घरात सर्वांना माहीत होते. ठमाबाई लगेच तयार झाल्या.

"मीठ नाही, कालवण नाही. एक घास तोंडात घ्यायचा आणि चावत राहायचं. तीन मिनिटं. गिळायचं नाही, बोलायचं नाही."

"बोलायचं नाय?" भावेशने मान वर केली. "जमनार नाय तिला."

ठमाबाईंनी त्याच्याकडे बघत घास तोंडात टाकला. कीर्तीने मोबाइलवर वेळ लावली. घरात अशी शांतता पसरली की बाहेरच्या कोंबड्या ऐकू येऊ लागल्या. ही संधी आशालताने वाया घालवली नाही.

"ठमाबाय, तू आता थकली," ती म्हणाली. "मी बोलते ते रागावू नको. तुजी जागा मी सांभालीन. तुज्या नावानंच बसंन. लोक विचारतील तर सांगंन, ठमाबायची जागा हाय, मी आपली राखनदार."

ठमाबाईंचे डोळे मोठे झाले. जबडा जोरात हलू लागला.

"बघ, ती 'नाय' बोलली नाय," आशालता भावेशला म्हणाली. "तू साक्षीदार."

दोन मिनिटे झाली तेव्हा ठमाबाईंच्या भुवया थोड्या वर गेल्या. अडीचला चावणे मंदावले. तीन मिनिटे पूर्ण झाली. त्यांनी घास गिळला.

"आधी हिला सांगते," त्या म्हणाल्या. "माज्या जागंवर बसलीस तर टोपलीसकट खाडीत घालीन."

"आई, भात."

"खारट होता."

"एकवीरेची शपथ घ्या."

ठमाबाईंनी हात मांडीवर ठेवले. एकवीरेचे नाव आले की या घरात भाव कमी-जास्त होत नसत.

"जरा गुळमट लागला," त्या हळूच म्हणाल्या. आणि लगेच सावरून, "पन तू गूळ टाकला असशील! तू शालेतली, तुजा काय नेम!"

"मग कुणाच्या घरचा भात आणू?"

"हिच्या घरचा. ही मना गोड घालायची नाय."

आशालता स्वतः जाऊन वाटीभर भात घेऊन आली. पुन्हा तीन मिनिटे. या वेळी ठमाबाईंनी चावताना एक बोट उगारून आशालताला आधीच गप्प केले. तीन मिनिटांनंतर त्यांनी वाटी नाकाशी नेऊन हुंगली.

"हा पन गोड," त्या म्हणाल्या. "चौसष्ट वर्सं खाते. कवा कलला नाय."

"कारण तुम्ही दोनदा चावता आणि गिळता," कीर्ती म्हणाली. "थुंकीनं भाताची साखर व्हायला लागते. उरलेल्याची पोटात होते. जिभेला पत्ता लागायच्या आत सगळा भात खाली गेलेला असतो. बटरांचं, भाकरीचं पण तेच."

"म्हंजे मी साखर खात हुते."

"ताटभर. दोन वेळा."

ठमाबाईंनी शब्द पाळला. अडचण एवढीच, की त्यांनी तो नेहमीच्या पद्धतीने पाळला. भात गोड आहे, गोड बंद आहे, म्हणून भात बंद. भाकरी गोड, भाकरी बंद. बटर बंद. सोमवारी सकाळी त्यांनी साखर कमी करायची गोळी काळ्या चहाबरोबर घेतली आणि पोटात दुसरे काही न घालता मार्केटात गेल्या.

अकराच्या सुमारास एक बाई बांगड्याचा भाव विचारत होती. ठमाबाईंना तो सांगता येईना. कपाळावर घाम आला, हात थरथरू लागले, आणि आपल्या टोपलीत काय आहे हेच त्यांना आठवेना.

हे सगळ्यात आधी आशालताने पाहिले. तिच्या नवऱ्यालाही साखरेचा आजार होता, त्यामुळे हा घाम तिच्या ओळखीचा होता. तिने समोरच्या टपरीवरून चहा आणवला आणि त्यात चार चमचे साखर घातली.

"पी."

"गोड बंद," ठमाबाई दात आवळून म्हणाल्या.

"साखर खाली गेलीय तुजी. पी!"

"जागा पायजे ना तुला. म्हनून मना गोड पाजतेस."

आशालताने एका हाताने कीर्तीला फोन लावला आणि तो ठमाबाईंच्या कानाला धरला.

"आई, प्या तो चहा," कीर्ती पलीकडून ओरडली. "आत्ता साखर हेच औषध आहे!"

"काल विख, आज औषध? ठरवा काय ते!"

पुढे वाद घालण्याइतका धीर आशालताकडे नव्हता. तिने ठमाबाईंचे नाक दाबले. तोंड उघडले तसा चहा आत गेला. आजूबाजूच्या कोळणींनी हे पाहून दोघींमध्ये जागेवरून मारामारी जुंपली असे समजून दोघींना सोडवायचा प्रयत्न केला, त्यात थोडा चहा सांडला. पण पुरेसा पोटात गेला होता. पंधरा मिनिटांनी ठमाबाईंनी बांगड्याचा भाव सांगितला, तोही दहा रुपयांनी वाढवून.

संध्याकाळी डॉक्टर सुनीता यांनी सगळे ऐकून कपाळाला हात लावला.

"भात पूर्ण बंद करायला मी सांगितलं होतं?"

"तुमी गोड बंद बोलल्या."

"चुकलं माझं," डॉक्टर म्हणाल्या. "आता नीट ऐका. गोळी घेऊन उपाशी राहायचं नाही. कधीच नाही. घाम आला, हातपाय कापले, तर लगेच साखर खायची. एरवी खायची नाही. प्रत्येक जेवणात आधी मासे आणि भाजी, मग एक छोटी वाटी भात. जेवल्यावर चालायचं."

"छोटी म्हंजे केवढी?"

डॉक्टरांनी मूठ दाखवली.

"कोनाची मूठ? माजी का तुमची?"

"माझी."

घरी आल्यावर घासाघीस सुरू झाली. डॉक्टरांची मूठ ठमाबाईंना मान्य नव्हती. डॉक्टरीण अंगाने बारीक होती. त्यांनी फळीवरून स्वतःची जुनी स्टीलची वाटी काढली. तिच्यात डॉक्टरांच्या दोन मुठी आरामात बसल्या असत्या.

"एक वाटी ठरली ना? मंग ही एक वाटी."

कीर्तीने हो म्हटले. वाद घातला असता तर तो दिवाळीपर्यंत चालला असता.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना ती भांड्यांच्या दुकानात गेली आणि दुहेरी पत्र्याची एक वाटी घेऊन आली. मधल्या पोकळीमुळे पदार्थ गरम राहतो म्हणून लोक ती घेतात. बाहेरून ती ठमाबाईंच्या वाटीएवढीच होती, आत मात्र बरोबर डॉक्टरांची मूठ मावत होती. भावेशने ती हातात घेतली, आत बोट घालून बघितले, बायकोकडे बघितले आणि जागेवर ठेवून दिली. त्या घरात एवढे एकमत पूर्वी झाले नव्हते.

ठमाबाई जेवायला बसल्या की वाटी बाहेरून हाताने चाचपत. आकार बरोबर असे. मग त्या आधी मासे आणि भाजी संपवत, कारण भात नंतर मिळत होता. रोज जेवल्यावर खाडीपर्यंत जाऊन येत. त्यांचे चालणे म्हणजे दर चार घरांवर थांबून कीर्तीची तक्रार करणे होते, पण थांबे धरूनही अर्धा तास व्हायचा. मशीनवरचा आकडा तिसऱ्या आठवड्यात दोनशेच्या खाली उतरला. तारखेच्या दिवशी सकाळी रुग्णालयात तो १६८ आला, आणि उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली.

पट्टी दुसऱ्या दिवशी निघाली. ठमाबाई काळा चष्मा लावून घरी आल्या. आधी त्यांनी सुनेकडे बघितले आणि ती वाटली होती त्याहून बारीक झाली आहे असे सांगितले. मग भिंतीचा रंग कधी बदलला ते विचारले. तो सात वर्षांपूर्वी बदलला होता.

दुपारी त्या जेवायला बसल्या. वाटी पुढे आली. त्यांनी सवयीने बाहेरून चाचपली, आणि मग आत बघितले.

भावेशने ताटातल्या बोंबलात नसलेला काटा शोधायला सुरुवात केली. ठमाबाई उठल्या, फळीवरून आपली जुनी वाटी काढली आणि नव्या वाटीतला भात तिच्यात ओतला. तो निम्म्यावर राहिला.

"किती दिस?"

"सव्वीस," कीर्ती म्हणाली.

"आनि कोनाला म्हायती हुता?"

भावेशने ताटात आणखी खोल बघितले.

ठमाबाईंनी दुहेरी वाटी उचलली, उलटी केली, नखाने वाजवली. चौतीस वर्षे गिऱ्हाइके सांभाळलेल्या बाईने सव्वीस दिवस मापात मार खाल्ला होता, तोही शाळेत बाटल्या धुणाऱ्या पोरीकडून.

"मार्केटात बसशील?" त्यांनी विचारले.

"काय?"

"आशालताच्या बाजूला. एका म्हयन्यात ती जागा सोडून जाईल."

डावा डोळा अजून बाकी होता. त्याची तारीख दोन महिन्यांनी होती आणि अट तीच, दोनशेच्या आत. म्हणून नवा करार तिथेच झाला. दुहेरी वाटी कपाटात जाणार, जुनी वाटी ताटात येणार, आणि ती निम्मी ठमाबाई स्वतः डोळ्यांदेखत भरणार. "उद्यापासून. आज मी भरंन तेवढी," असे म्हणून त्यांनी वाटीतला भात अंगठ्याने दाबून वर अर्धा चमचा भात बसवला. कीर्तीने तो काढला. त्यांनी पुन्हा दोन शिते टाकली. तिने ती राहू दिली.

जेवणानंतर त्या खाडीपर्यंत जाऊन आल्या. दोन तासांनी कीर्तीने त्यांचे बोट टोचले. मशीनने आकडा दाखवला तसा ठमाबाईंनी तिच्या हातातून मशीन काढून घेतले, चष्मा कपाळावर सरकवला आणि सहा महिन्यांत पहिल्यांदाच तो आकडा स्वतः वाचला.

"एकशे बासष्ट," त्या म्हणाल्या. "साठ लिव. दोन सोड."

कीर्तीने एकशे बासष्ट लिहिले.