रतनच्या लग्नाचे धवले

शीळफाट्याकडच्या आमच्या गावांत भटजीला उशीर झाला तर लोक चहा पीत बसतात. पण लग्नाचे धवले गाणारी बाई आली नाही, तर लग्नच खोळंबतं. केशरबाई ही तशी धवलारीण. तेव्हा रघूशेठ नारळ घेऊन तिच्या दारात आला यात नवल नव्हतं. नवल होतं ते त्याच्या तोंडाचं!

"आमच्या रतनचं लगीन काढलंय, उद्या हळद. धवले तूच गायचे."

हा रतन कोण? केशरबाईच्या भाचीला, निशाला, क्लासवरून येताना गोडाऊनमध्ये ओढून नेऊन ज्यानं तिच्यावर बलात्कार केला, तो. आता जामिनावर सुटून उजळ माथ्यानं फिरत होता. कल्याणच्या कोर्टात निशाची साक्ष अजून व्हायची होती.

"वकील बोलतो, पोरगा संसारी दिसला पायजे," रघूशेठनं लाज कोळून प्यायल्यागत सांगून टाकलं.

आणि निशाच्या सख्ख्या मावशीनं हळदीत धवले गायले, की सगळं मिटलं, पोरगीच खोटी, असं गाव म्हणायला मोकळं. हे न कळायला केशरबाई काय दुधखुळी होती? तिनं नारळ उचलून अंगणात भिरकावला. "मेल्या, तुज्या पोराला धवले नाय, शिव्या गाईन!"

तो गेला, आणि तिला त्या नवरीची काळजी लागली. कुणाची कोण पोर, तिला बिचारीला काय ठाऊक असणार! केशरबाई तशीच रिक्षा करून ठाकुर्लीला नवरीच्या घरी गेली.

तिथं दारात मंडप घातलेला, पाहुणे जमलेले. केशरबाईनं नवरीच्या आईला, मंजुळाला, बाजूला घेतलं आणि काही आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

मंजुळा पदराचं टोक चुरगळत राहिली. "ठाऊक आहे आम्हाला. सुटेल म्हणतात तो. एवढं भरलं घर आमच्या पोरीला परत मिळणार आहे का?"

माणसांना कळलं की माणसं थांबतात, असं केशरबाई जन्मभर धरून चाललेली. कसलं काय! "अगं बये, पोटची पोर ना ती?"

"हळू बोला," मंजुळा म्हणाली, "पाहुणे आहेत."

केशरबाई रस्त्यावर आली, रिक्षाला हात केला. तेवढ्यात मागून नवरी धावत आली. कादंबरी नाव तिचं. हातांवरची मेंदी अजून ओली होती.

"मावशी, मी ऐकलं सगळं. ती मुलगी ओरडली नव्हती का?"

"ओरडली. घसा फुटेस्तोवर ओरडली."

"मग कुणी आलं?"

केशरबाईला खोटं बोलवेना. "नाय गो. ऐकलं लोकांनी. पण गोडाऊन रघूशेठचं, मधी कोण पडणार?"

कादंबरीनं मंडपाकडे पाहिलं. तिचा बाप, काका, मामा, सगळे तिथंच बसलेले.

"मला नाही करायचं हे लग्न, असं मी आत जाऊन ओरडले, तर माझ्यासाठी कोण येईल?"

केशरबाईनं समोर थांबलेल्या रिक्षावाल्याला हातानंच जा म्हणून सांगितलं. पोरीचा हात धरून ती परत मंडपात शिरली आणि सगळ्या पाहुण्यांच्या मधोमध फतकल मारून बसली.

"ओरड, बाय," ती म्हणाली. "मी बसलेय हितं."